गणितात बीएस्सी करायचं आहे, १४ लाखांचं कर्ज काढू का?

पत्राचा सारांश : सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही १८ वर्षांची वाचक यंदा बारावी सायन्स ८९ टक्क्यांनी पास झाली. गणितात ९७ गुण. वडिलांचं छोटं किराणा दुकान आहे, आई बचत गटात शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं काम करते, धाकटा भाऊ दहावीत आहे. घराचं वर्षाचं उत्पन्न साडेपाच लाखांच्या आसपास. तिला गणितच शिकायचं आहे. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात चार वर्षांच्या बीएस्सी ऑनर्सला प्रवेश मिळतो आहे आणि २५ हजार रुपये भरून जागा धरून ठेवली आहे. फी, वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला ४ लाख. वडिलांकडे शिल्लक २ लाख, म्हणजे १४ लाखांचं कर्ज, आणि त्यासाठी राहतं घर तारण. मामा म्हणतात, "गणित घेऊन शेवटी मास्तरच होणार, त्यापेक्षा मुलींना फी माफ आहे त्या इंजिनिअरिंगला जा." विद्यापीठाच्या समुपदेशकाने सरासरी पॅकेज ९ लाखांचं सांगितलं. वडील म्हणतात, "तू म्हणशील तसं." तिचा प्रश्न : "गणिताच्या पदवीवर एवढं कर्ज फिटेल का? आणि फिटणार नसेल तर मी गणित सोडून द्यावं का? आवडत्या विषयासाठी थोडा त्रास सोसायलाच हवा ना?"

*

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की दोन वेगळे प्रश्न तू एकाच श्वासात विचारले आहेस. कर्ज फिटेल का, हा एक. गणित सोडावं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचं 'हो' ठरत नाही. मधला पूल तू स्वतःच बांधला आहेस : गणित शिकायचं तर हेच विद्यापीठ, आणि हे विद्यापीठ म्हणजे हे कर्ज. मी ३० वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. विद्यार्थ्याने एखादी पायरी न सांगता ओलांडली की मी तिथे लाल खूण करत असे. तुझ्या पत्रात ती खूण मी याच जागी केली आहे.

आधी हिशेब मांडते. तो तुझ्यासमोर कुणी कागदावर मांडलेला दिसत नाही, आणि गणितात ९७ मिळवणाऱ्या मुलीने तो स्वतःच्या हाताने करायला हवा. वही घेऊन बस आणि माझे आकडे तपास.

चार वर्षं दरवर्षी साडेतीन लाख उचलायचे. व्याजदर १०.५ टक्के धरू. बँकेगणिक तो थोडा खालीवर होईल. अभ्यासक्रम चालू असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष सहसा हप्ता भरावा लागत नाही. घरात हे वाक्य "नोकरी लागेपर्यंत काही भरायचं नाही" असं पोहोचतं आणि सगळे निश्चिंत होतात. पण त्या काळात सरळव्याज चढत असतं. पहिल्या वर्षी उचललेल्या पैशांवर पाच वर्षं, दुसऱ्या वर्षीच्यावर चार, मग तीन, मग दोन. बेरीज केलीस तर सुमारे ५ लाख १५ हजार रुपये व्याज निघेल. म्हणजे ज्या महिन्यात पहिला हप्ता भरायचा त्या महिन्यात तुझ्या नावावर १४ नव्हे, सुमारे १९ लाख १५ हजार असतील. ते १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे २५,८०० रुपये. १५ वर्षांत फेडायचे तर सुमारे २१,२००, पण मग एकूण ३८ लाखांच्या वर रक्कम जाते.

आता समोरच्या रकान्यात कमाई लिही. मामा म्हणतात तशी तू शिक्षिका झालीस असं धर. बीएस्सीनंतर बीएड करायचं, पात्रता परीक्षा द्यायच्या, आणि अनुदानित शाळेत जागा मिळालीच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ मध्ये वाढवल्यानंतर हे मानधन माध्यमिकसाठी महिन्याला १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार झालं. हप्ता त्याहून मोठा आहे. साध्या बीएस्सीवर आयटी कंपनीत लागलेले माझे विद्यार्थी सुरुवातीला हातात २० ते २५ हजार पडतात असं सांगतात. आता सगळं उत्तम झालं असं धर : तू एमएस्सी केलंस, नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळवलीस, पीएचडीला लागलीस. जेआरएफची रक्कम महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडे भत्ता. ज्या मुलीने सगळं बरोबर केलं, तिच्याही हातातले २५,८०० बँक घेऊन जाणार. शिवाय ती जेआरएफ येईपर्यंत हप्ता सुरू होऊन काही महिने, कदाचित वर्षही उलटलेलं असेल. पुढे शिकतेय म्हणून अर्ज केला तर बँक मुदत वाढवू शकते, पण व्याज थांबत नाही.

या दोन रकान्यांत मला सगळ्यात जास्त खुपते ती वेळ. गणिताच्या पदवीची कमाई वाईट असते असं नाही. ती उशिरा येते. बहुतेक चांगली दारं एमएस्सीनंतर, एखाद्या मोठ्या परीक्षेनंतर किंवा पाच-सात वर्षं काम केल्यावर उघडतात. हप्ता मात्र पदवीनंतर बरोबर एका वर्षाने दारात येतो. मग काय होतं ते मी पाहिलं आहे. माझा एक विद्यार्थी, वर्गातला सगळ्यात खोल विचार करणारा, खासगी संस्थेत कर्ज काढून शिकला. एमएस्सीला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळत असताना त्याने पहिली मिळेल ती नोकरी धरली, कारण हप्ता. दुपारी चार ते मध्यरात्रीपर्यंतची शिफ्ट. कर्ज त्याने फेडलं, अगदी वेळेवर फेडलं. पण गणितासाठी काढलेल्या कर्जानेच त्याला गणितातून बाहेर नेलं. तुझं पत्र वाचताना तो सारखा आठवत होता.

'सरासरी ९ लाख' या आकड्याबद्दल आता. तू गणिताची विद्यार्थिनी आहेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. २० मुलांच्या वर्गात १८ जणांना साडेतीन लाखांची नोकरी लागली आणि दोघांना ४० लाखांची, तर सरासरी ७ लाख १५ हजार येते. त्या वर्गात ७ लाख मिळालेलं एकही मूल नाही. मध्यक, म्हणजे पगार क्रमाने लावले की बरोबर मधला येणारा आकडा, साडेतीनच आहे. तेव्हा समुपदेशकाला फोन कर आणि विचार : ही सरासरी सगळ्या विद्यापीठाची, इंजिनिअरिंग आणि एमबीए धरून आहे, की बीएस्सी गणिताची? गणिताच्या मागच्या तुकडीत किती मुलं होती, त्यातली किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि कुठे गेली? मध्यक किती? शेवटच्या तुकडीतल्या दोन मुलींशी बोलायला मिळेल का? उत्तर लेखी, ईमेलवर माग. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. १४ लाख उसने घेणाऱ्याला तो हक्क आहे. उत्तर आलं नाही, किंवा "आमचा हा अभ्यासक्रम नवीनच आहे" असं आलं, तर त्यातूनही तुला पुरेसं कळेल.

मामांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. एका बाबतीत ते अगदी बरोबर आहेत, आणि ही गोष्ट तुझ्या घरात नीट बोलली गेली पाहिजे. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या जागांना ते लागू आहे. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना नाही. बीएस्सी हा व्यावसायिक अभ्यासक्रमांत मोडतच नाही. त्यामुळे आज अशी विचित्र स्थिती आहे की तुझ्यासारख्या मुलीला कॅपमधून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग या विद्यापीठातल्या बीएस्सीपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. केंद्राची पूर्ण व्याज सवलतीची जुनी योजनाही साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी आणि तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच आहे, म्हणजे तुला दोन्हींकडून दार बंद. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते आणि तारणही लागत नाही, पण ठरावीक यादीतल्या संस्थांनाच. एक गोष्ट मला इथेच खटकली. तुझं विद्यापीठ त्या यादीत असतं, तर घर तारण ठेवायची वेळ बहुधा आली नसती. यादी बघून खात्री कर.

पण "गणित घेऊन मास्तरच होणार" हे मात्र खरं नाही, आणि मास्तर होणं ही काही शिक्षा नव्हे. महर्षी कर्वे फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवत होते. आजच्या काळात गणिताची मुलं विमा कंपन्यांत ॲक्चुअरी, म्हणजे विम्याच्या जोखमीचा हिशेब करणारे तज्ज्ञ, होतात. त्याच्या परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते, आणि त्या एकेक पेपर करत, बहुतेकदा नोकरी करता करता दिल्या जातात. पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असेल तर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते. म्हणून विषय निवडताना संख्याशास्त्र सोडू नकोस, हे अगदी अधोरेखित करून ठेव. बँकांचं जोखीम मोजण्याचं काम आहे, डेटाचं आहे, संशोधन आहे. यातलं कुठलंच दार 'कुठल्या विद्यापीठाचं बीएस्सी' एवढं बघून उघडत नाही. तुला काय येतं, कुठली परीक्षा पास केलीस, प्रोग्रॅमिंग किती येतं, हे बघतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तू १४ लाख मोजणार आहेस तिची या दारांवर फारशी किंमत नाही.

आता माझ्या लाल खुणेकडे येते. गणित शिकण्यासाठी महागडी संस्था का लागावी? रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, जीवशास्त्राला उपकरणं लागतात. गणिताला फळा, ग्रंथालय, चार समविचारी मुलं आणि एक असा शिक्षक लागतो जो म्हणेल, "इथे तू काय गृहीत धरलंस?" त्यामुळेच आपल्या देशात गणितासाठीच्या सगळ्यात नावाजलेल्या संस्था बहुतेक सरकारी किंवा सार्वजनिक पैशांवर चालतात. भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे आयएसआयमध्ये (कोलकात्यात बीस्टॅट, बंगळूरमध्ये बीमॅथ) शिकवणी फी न घेता उलट विद्यार्थ्यालाच विद्यावेतन द्यायची परंपरा आहे. पुण्याचं आयसर आहे, मुंबईत कालिन्याला अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठ यांनी मिळून चालवलेलं सीईबीएस आहे, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. यांच्या प्रवेश परीक्षा एप्रिल ते जूनच्या सुमारास होतात, आणि तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. याचा दोष मी तुला देत नाही. तालुक्याच्या गावात क्लासच्या भिंतीवर जेईई आणि नीट सोडून तिसरं नाव नसतं. पण हे सदर वाचणाऱ्या अकरावीच्या मुलामुलींनी ही नावं आजच वहीत लिहून ठेवावीत. तू स्वतःही यंदाची माहितीपत्रकं वाच, कारण यातल्या काही परीक्षा बारावीच्या पुढच्या वर्षीही देता येतात. फी, विद्यावेतन, वयाचे नियम तिथेच ताजे मिळतील.

यंदा ते हुकलं म्हणून वर्ष वाया घालवू नकोस. मी तुझ्या जागी असते तर अनुदानित कॉलेजात बीएस्सीला प्रवेश घेतला असता, सोलापुरात, कोल्हापुरात किंवा पुण्यात, जिथे गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही मिळतं तिथे. प्रवेश घेताना 'तुकडी अनुदानित आहे का' हे शब्द वापरून विचारायचं. एकाच कॉलेजच्या एकाच इमारतीत अनुदानित तुकडीची फी वर्षाला काही हजार असते आणि विनाअनुदानित तुकडीची तिच्या कित्येक पट.

तू लिहिलं आहेस की आमच्या भागातल्या कॉलेजात शिकवतच नाहीत. काही ठिकाणी हे खरं आहे. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावरचा तरुण प्राध्यापक तीन कॉलेजं धावत पुरी करतो, आणि मुलं परीक्षेपुरती येतात. मी त्यातच आयुष्य काढलं, म्हणून झाकून सांगत नाही. पण ती कमतरता भरून काढायला १४ लाख लागत नाहीत. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची संपूर्ण व्याख्यानं फुकट आहेत. दर वर्षी पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा होते, पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ती घेतात. तिची जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला घे, म्हणजे कॉलेजच्या परीक्षेपलीकडचं गणित कसं असतं ते कळेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं एमटीटीएस. १९९३ पासून दर उन्हाळ्यात हे शिबिर भरतं. देशभरातली बीएस्सी-एमएस्सीची मुलं निवडून त्यांना चार आठवडे नुसतं गणित करायला लावतात. सूत्रं पाठ करायची नाहीत, प्रत्येक वाक्य स्वतः सिद्ध करायचं. साध्या कॉलेजातली माझी एक विद्यार्थिनी तिथून परत आली ती पहिल्या दिवशी वर्गात म्हणाली, "मॅडम, तुम्ही ही पायरी का घेतली?" तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणी असं अडवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तास थांबवून चहा मागवला. पुण्यात असशील तर श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, तिथे जा, ग्रंथालयात बस, व्याख्यानं ऐक.

मग बीएस्सीनंतर जॅम, म्हणजे एमएस्सीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, द्यायची. गणितातलं हे दुसरं दार मोठं आहे. आयआयटीतलं एमएस्सी, आयएसआयचं एममॅथ, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेच्या परीक्षा, सगळीकडे साध्या कॉलेजातून आलेली मुलं असतात. तिथे गेल्यावर बारावीनंतर तू कुठे प्रवेश घेतला होतास हे कुणी विचारत नाही.

कर्ज अजिबात काढू नकोस असं मी म्हणत नाही. पुण्यात अनुदानित कॉलेज मिळालं आणि कॉलेजच्या वसतिगृहात जागा नाही मिळाली, तर कॉट बेसिसवरची खोली आणि मेस मिळून महिन्याला आठ-नऊ हजार लागतील. वर्षाला लाखभर. तीन वर्षांसाठी ३ लाख कर्ज काढलंस तर ते ४ लाखांच्या आत राहतं, आणि बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण नसतं. मघाच्याच दराने हिशेब कर : हप्ता सुरू होताना सुमारे ३ लाख ९५ हजार, दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ५,३०० च्या आसपास. शिक्षणसेवकाच्या १८ हजारांतूनही हा हप्ता जातो. ओढाताण होईल, पण जातो. शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत गेलीस तर आणखी हलका होईल, आणि काही बँका त्यासाठी व्याजदरात सूटही देतात. माझा ठोकताळा असा : जी नोकरी तुला बऱ्यापैकी खात्रीने मिळेल, स्वप्नातली नव्हे, तिच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशावर हप्ता जात असेल तर ते कर्ज नको. मामांच्या सुचवणुकीतल्या इंजिनिअरिंगलाही हाच नियम लाव. तिथेही मॅनेजमेंट कोट्यातून आठ-दहा लाख भरून गेलेली मुलं अडकलेली आहेत. इंजिनिअरिंगचं कर्ज म्हणजे आपोआप सुरक्षित, असं काही नाही.

इन्स्पायर शिष्यवृत्ती तपासून बघ. बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञानाच्या पदवीला जाणाऱ्या मुलांना वर्षाला ८० हजार रुपये मिळतात, गणित आणि संख्याशास्त्र त्यात येतं. बोर्डाच्या पात्रतेत तुझे ८९ टक्के बसतात का ते बघ. अनुदानित कॉलेजात तेवढ्यात तुझा बहुतेक खर्च भागेल. खासगी विद्यापीठात पाचवा हिस्सा. मात्र कुठल्याही शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष सुरू होताना हातात असतील असं धरू नकोस. वडिलांच्या शिल्लकीतले ५०-६० हजार त्यासाठी बाजूला ठेवावे लागतील.

पैशांचं पुरे. एक गोष्ट मला तुला अगदी हळुवारपणे विचारायची आहे, कारण ती मी दर जूनमध्ये पहिल्या वर्गाला विचारत असे. तुला गणित आवडतं, की गणितात मार्क मिळणं आवडतं? बारावीपर्यंतचं गणित म्हणजे उदाहरणं सोडवणं. रीत माहीत असते, हात भराभर चालतो, उत्तर शेवटच्या पानावर जुळतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून रीतच नाहीशी होते. 'सिद्ध करा' एवढंच लिहिलेलं असतं आणि दोन-दोन दिवस पहिली ओळसुद्धा सुचत नाही. बारावीला शंभरपैकी शंभर मिळवलेल्या मुली त्या वर्षी माझ्या टेबलाशी उभ्या राहून रडल्या आहेत. आणि बारावीला ७० मिळालेल्या एकीला तेव्हाच गणिताची खरी गोडी लागली, ती आज विद्यापीठात शिकवते.

म्हणून एक प्रश्न देते. १ ते १०० मधल्या कोणत्याही ५१ संख्या निवड. त्यांत अशा दोन संख्या सापडणारच की एकीने दुसरीला निःशेष भाग जातो. कशाही निवडल्या तरी. का? नेटवर शोधू नकोस. दुकानात बसल्या बसल्या, भाकरी थापताना, झोपण्याआधी विचार कर. आधी १ ते १० मधल्या सहा संख्या घेऊन बघ. चार दिवस दे. उत्तर आलं का, याला फार महत्त्व नाही. त्या चार दिवसांत तुला वैताग आला आणि 'हे कशाला' असं वाटलं, की जेवता जेवता हात थांबला, हे बघ. वैताग आला तर त्यात काही कमीपणा नाही. मग कॅपच्या फेरीत कॉम्प्युटर किंवा संख्याशास्त्राकडे कल असलेला अभ्यासक्रम मनापासून बघ, फी माफीचा फायदा घे. तिथेही गणित लागतंच. पण हात थांबला असेल, तर मामांना माझ्यातर्फे सांग की ही मुलगी गणितच करेल आणि कुणाचं घर गहाण न ठेवता करेल.

'थोडा त्रास सोसायला हवा ना' असं तू विचारलं आहेस. हवा. दोन दिवस पहिली ओळ न सुचणं, हा गणिताचा त्रास आहे, तो तू सोस. पण १४ लाखांच्या कर्जात तो त्रास एकटीचा राहत नाही. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते, हप्ता चुकला तर त्यांचाही सिबिल स्कोअर बिघडतो. तीन वर्षांनी भावाची बारावी होईल, तेव्हा घर आधीच तारण असेल. वडील "तू म्हणशील तसं" म्हणाले. त्या वाक्यात माया आहे, पण मला त्यात थोडी भीतीही ऐकू येते. त्यांना हप्त्याचा आकडा माहीत आहे का? एका संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर वही घेऊन त्यांच्याशेजारी बस, आईलाही बसव, भावालाही. दोन्ही हिशेब समोरासमोर मांड, १४ लाखांचा आणि ३ लाखांचा. वडिलांना वाटत असेल की मुलीला पुण्याला पाठवलं नाही तर आपण कमी पडलो. त्यांना हे तुझ्या तोंडून ऐकू दे की महागडं विद्यापीठ नाकारण्याचा निर्णय तुझा आहे.

राहिले ते भरलेले २५ हजार. ते गेले म्हणून उरलेले १४ लाख भरायचे, असा विचार मनात येतोय ना? जे भरलं ते पुढच्या हिशेबातून वगळ. शिवाय ते गेलेच असंही नाही. प्रवेश रद्द केल्यावर फी परत करण्याचे यूजीसीचे नियम आहेत आणि त्यासाठी दर वर्षी तारखा ठरतात. ठरलेल्या तारखेआधी लेखी अर्ज केला तर बहुतेक रक्कम परत मिळायला हवी. 'नॉन-रिफंडेबल' असं पावतीवर छापलेलं असलं तरी अर्ज कर, पावती आणि ईमेल जपून ठेव, फोनवर बोलणं झालं असेल तर त्याचा सारांश लगेच ईमेलने पाठव. त्यांनी टाळाटाळ केली तर यूजीसीच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदव.

आणि अनुदानित कॉलेजांच्या प्रवेशाच्या तारखा या आठवड्यातच बघ. त्या फार लवकर संपतात, आणि नंतर उरतात त्या विनाअनुदानित जागा. ५१ संख्यांचं काय झालं ते मात्र मला नक्की कळव. चुकलेली सिद्धता असली तरी पाठव, मी वाचेन.